बारावी आणि अठरावं वर्ष एकदमच येतं: अनाथ मुलांचं कॉलेज नेमकं कुठे अडतं?

मे-जून आला की लातूरमध्ये भाड्याची खोली मिळणं अवघड होतं. नीट आणि सीईटीच्या क्लाससाठी अख्ख्या मराठवाड्यातून मुलं येतात. अनेकांसोबत आईही येऊन राहते, डबा करून देते. एका वर्षात जमलं नाही तर रिपीटचं वर्ष ठरलेलं. ‘लातूर पॅटर्न’ अभ्यासाचा म्हणून ओळखला जातो, पण तो घरच्यांच्या पाठबळाचाही पॅटर्न आहे. खोलीचं डिपॉझिट, मेसचे पैसे आणि ‘अजून एक वर्ष दे, आम्ही आहोत’ म्हणणारं कुणीतरी, हे त्यात धरलेलंच असतं.

ज्या मुलाला हे म्हणणारं कुणीच नाही, त्याचं काय?

याच जिल्ह्यात औसा तालुक्यातल्या हासेगावात ‘सेवालय’ आहे. पत्रकारितेतून आलेल्या रवी बापटले यांनी 2007 मध्ये एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांसाठी ते सुरू केलं. सुरुवातीला गावातून कडाडून विरोध झाला, मुलांच्या शाळेवरूनही वाद झाला. पुढे तो निवळत गेला. पण इथे दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे. ज्या काळात ही मुलं आली, तेव्हा ती मोठी होतील की नाही हाच प्रश्न होता. एआरटी औषधांमुळे ती मोठी झाली. अठरा वर्षांची झाली. आणि मग नवाच प्रश्न आला, आता पुढे? त्यातूनच अठरा वर्षांवरच्या मुलामुलींसाठी ‘हॅपी इंडियन व्हिलेज’ उभं राहिलं. बालगृह चालवणाऱ्याला कधी ना कधी याच प्रश्नाला भिडावं लागतं, हासेगावने त्याचं उत्तर स्वतःच शोधलं.

कायदा काय सांगतो?

बाल न्याय कायदा, 2015 नुसार अठरा पूर्ण झाली की मूल ‘मूल’ राहत नाही आणि त्याला बालगृह सोडावं लागतं. त्यानंतरची सोय म्हणजे अनुरक्षण, सरकारी भाषेत ‘आफ्टर केअर’. ती 21 वर्षांपर्यंत मिळू शकते आणि अपवादात्मक परिस्थितीत 23 पर्यंत वाढवता येते. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत यासाठी महिन्याला 4,000 रुपयांची तरतूद आहे.

आता हिशेब करून बघा. मुलगा बारावी होतो साधारण 18 व्या वर्षी, म्हणजे ज्या महिन्यांत प्रवेशाच्या फेऱ्या चालू असतात, त्याच सुमारास त्याचा पत्ता बदलतो. इंजिनिअरिंग केलं तर डिग्री 22 व्या वर्षी. एमबीबीएस इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांचं, त्यात एक रिपीट धरलं तर पंचविशीच जवळ येते. म्हणजे 21 ची मर्यादा बीए, बीकॉमलाच जेमतेम पुरते. लातूरमध्ये सुखवस्तू घरातल्या मुलालाही एक वर्ष जास्तीचं मिळतं, या मुलांना मात्र नापास व्हायचीही मुभा नाही.

आरक्षण आहे, पण कुणाला?

महाराष्ट्राने 2 एप्रिल 2018 च्या शासन निर्णयाने अनाथांसाठी शिक्षण आणि सरकारी नोकरीत 1 टक्का समांतर आरक्षण लागू केलं. असं करणारी राज्यं तेव्हा फारशी नव्हती. त्यामागे गोव्यातल्या अनाथालयात वाढलेल्या अमृता करवंदे यांचा पाठपुरावा होता. जात माहीत नाही, म्हणून जातीचा दाखला नाही, म्हणून स्पर्धा परीक्षेत खुल्या गटातूनच लढायचं, हा तिढा त्यांनी तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यापर्यंत नेला. नंतर नियम दोनदा बदलले, 2021 मध्ये आणि पुन्हा 6 एप्रिल 2023 रोजी. आता अनाथांचे दोन गट आहेत: संस्थेत वाढलेले ते ‘संस्थात्मक’ आणि नातेवाइकांकडे वाढलेले ते ‘संस्थाबाह्य’.

फीचाही प्रश्न बऱ्यापैकी सुटला. 8 जुलै 2024 च्या ज्या निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांत मुलींची फी माफ झाली, त्याच निर्णयात अनाथ मुलामुलींनाही शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. मुलींच्या मोफत शिक्षणाचे मेसेज तेव्हा खूप फिरले, ही ओळ मात्र मागेच राहिली.

मग अडतं कुठे? ‘अनाथ’ या शब्दात.

राज्याच्या आरक्षणासाठी अठरा पूर्ण होण्याआधी आई आणि वडील दोघेही गेलेले असावे लागतात किंवा त्यांचा पत्ताच नसावा लागतो. पण बालगृहातल्या अनेक मुलांची आई हयात असते. वडिलांनी आत्महत्या केलेली, आई ऊसतोडीला किंवा पुण्या-मुंबईला कामाला. वडील तुरुंगात किंवा दारूत बुडालेले. आईने दुसरं लग्न केलेलं. या मुलाने दहा वर्षं बालगृहात काढली तरी कागदावर तो अनाथ नाही. अठरापर्यंत त्याला आणि त्याच्या शेजारच्या कॉटवरच्या अनाथ मित्राला एकच ताट, एकच शाळा. अठरानंतर एकाला आरक्षण आणि फीमाफी, दुसऱ्याला यातलं काहीच नाही. घरी राहणाऱ्या अशा मुलांना मिळणारे बालसंगोपन योजनेचे महिना 2,250 रुपयेही अठरालाच थांबतात.

कोविडमध्ये दोन्ही पालक गमावलेल्यांसाठी मात्र वेगळा विचार झाला. राज्याने 5 लाखांची ठेव ठेवली, तर पीएम केअर्स योजनेत 18 ते 23 या वयात दरमहा मदत आणि 23 व्या वर्षी 10 लाख अशी रचना केली. म्हणजे शिक्षणाला तेविशीपर्यंत आधार लागतो हे सरकारला कळलेलं आहे. आई-वडील कोणत्या आजाराने गेले यावर तो आधार ठरावा, हे मात्र समजण्यापलीकडचं आहे.

फी माफ झाली तरी...

कॉलेज म्हणजे फक्त फी नसते. फॉर्मवर ‘पालकाची सही’ असते. उत्पन्नाचा दाखला कुणाच्या नावाने काढायचा हा प्रश्न असतो. दिवाळीत हॉस्टेलची मेस बंद होते आणि सगळे घरी जातात, तेव्हा जायचं कुठे? हासेगावच्या मुलांसारखं रोज औषध घ्यायचं असेल तर रूममेटपासून गोळ्या लपवायच्या की सांगून टाकायचं? 2017 च्या एचआयव्ही कायद्याने शिक्षणसंस्थेत भेदभावाला बंदी आहे, पण रूममेटच्या नजरेला कायदा लागू होत नाही.

अमेरिकेतही हेच दिसलं. तिथे अशी मुलं संस्थेपेक्षा बहुतेक पालक-कुटुंबात, म्हणजे फॉस्टर केअरमध्ये वाढतात. तेराव्या वर्षानंतर कधीही फॉस्टर केअरमध्ये असलेल्या मुलाला शिक्षणासाठीच्या सरकारी मदतीच्या अर्जात पालकांचं उत्पन्न दाखवावं लागत नाही. कॅलिफोर्नियातल्या फुलरटन विद्यापीठात 1998 पासून ‘गार्डियन स्कॉलर्स’ हा उपक्रम आहे. त्यात मुलांना पैशांसोबत सल्ला आणि सोबत करणारी कॅम्पसवरची माणसंही मिळतात.

लातूर जिल्ह्याला हे नवीन नाही. किल्लारी औसा तालुक्यातच आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्था यांनी लातूर-उस्मानाबादची सुमारे 1,200 मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. तेव्हा दोन्ही पालक गेलेत की एक, यावरून मुलांची विभागणी करत बसायची वेळ कुणावर आली नव्हती.

आज औसा तालुक्यातल्या एखाद्या मुलाला हे लाभ हवे असतील तर पहिली पायरी आहे अनाथ प्रमाणपत्र. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयामार्फत करायचा, प्रमाणपत्र विभागीय उपायुक्त देतात. पालकांचे मृत्यूचे दाखले, जन्माचा आणि शाळेचा पुरावा, संस्थेत असेल तर बाल कल्याण समितीचे आदेश, हे सगळं जमवायला वेळ लागतो. प्रवेशाच्या फेऱ्या त्यासाठी थांबत नाहीत. त्यामुळे हा अर्ज बारावीच्या निकालानंतर नाही, तर दहावीत असतानाच करायला हवा.