थंड हवेआधी स्वच्छ हवा

इंजिन गाडीच्या मधोमध, म्हणजे चालकाच्या पाठीमागे पण मागच्या चाकांच्या पुढे, अशी ‘मिड-इंजिन’ रचना आपण परदेशी स्पोर्ट्स कारशी जोडतो. महाराष्ट्रात तिचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे दिलीप छाब्रिया यांच्या डीसी कंपनीने बनवलेली ‘अवंती’. ती २०१२ च्या दिल्लीतील ऑटो एक्स्पोमध्ये लोकांसमोर आली, आणि रेनॉचे दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन तिच्या सीटांमागे बसवलेले होते. पण हिंगोली-वाशीम रस्त्यावर कनेरगाव नाक्याहून दिवसभर ज्या गाड्या जातात, त्यांतल्या कितीतरींचे इंजिनही बॉनेटखाली नसते. १९८४ ते २०१९ अशी पस्तीस वर्षे बनलेली मारुतीची ओम्नी, तिच्यानंतरची ईको, आणि २००५ मध्ये आलेला टाटा एस, ज्याला सगळे ‘छोटा हत्ती’ म्हणतात, या तिघांचेही इंजिन पुढच्या सीटखाली असते. शाळेची मुले, बाजारचा भाजीपाला, लग्नाचे वऱ्हाड हे सगळे अशाच गाड्यांतून जाते. त्यामुळे ‘कोल्ड एअर इनटेक’, म्हणजे इंजिनाला बाहेरची थंड हवा ओढून देणारे वेगळे पाइप आणि उघडे फिल्टर, हा प्रश्न केवळ कोट्यवधींच्या गाड्यांचा राहत नाही. हे किट आता ऑनलाइन कोणालाही मागवता येते, आणि लहान गावातल्या तरुणालाही ते आपल्या गाडीवर बसवून पाहावेसे वाटते. माझे म्हणणे असे की आपल्या भागात इंजिनाच्या हवेचा क्रम आधी स्वच्छ, मग कोरडी आणि त्यानंतर थंड असा असला पाहिजे. बाजारात मिळणारी बहुतेक किटे हा क्रम उलटा करतात.

थंड हवेचा फायदा खोटा नाही. हवा तापली की विरळ होते, आणि विरळ हवेत प्राणवायू कमी असतो. वैशाखात बाहेर ४२ अंश आणि इंजिनाभोवती कोंडलेली हवा ६५ अंश असेल, तर बाहेरची हवा सुमारे सात टक्के दाट भरते. शिवाय तापलेल्या हवेने पेट्रोल इंजिनात ‘नॉकिंग’, म्हणजे इंधन ठिणगीशिवाय आपोआप पेटण्याचा धोका वाढतो. तो टाळण्यासाठी गाडीचा संगणक ठिणगीची वेळ मागे घेतो आणि ताकद आणखी उतरते. मिड-इंजिन गाडीत ही अडचण जास्त असते, कारण समोरून येणारा वारा इंजिनापर्यंत सरळ पोहोचत नाही. म्हणून तर १९९२ च्या मॅकलॅरेन एफ१ मध्ये हवेचे तोंड छतावर काढले होते, आणि पोर्शच्या बॉक्सस्टरला दारांमागे दोन्ही बाजूंना झरोके आहेत. पण यातच प्रश्नाचे उत्तरही आहे. गाडी बनवणाऱ्यांनी बाहेरची हवा आत आणण्याची सोय आधीच केलेली असते. कारखान्याच्या बंद डब्यातून येणारी हवा चालत्या गाडीत बाहेरच्यापेक्षा पाच-सहा अंशांनीच गरम असेल, तर नव्या किटला मिळवायला जेमतेम दोन टक्के उरतात. ऐंशी अश्वशक्तीच्या इंजिनात ती दीड अश्वशक्ती झाली. एसी चालू-बंद केल्यानेही गाडीच्या ओढीत याहून मोठा फरक जाणवतो.

वेगाने जाताना वारा स्वतःच इंजिनात भरतो, हा दावाही जाहिरातींत हमखास असतो. त्याचे गणित सोपे आहे. ताशी १०० किलोमीटर वेगाला समोरच्या वाऱ्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या अर्धा टक्काही नसतो. ताशी ६० ला तो एक-दोन सहस्रांशांत जातो. रेसिंगच्या मैदानावर, ताशी २५० च्या वेगाला, या दाबाला अर्थ आहे. कनेरगाव ते हिंगोली या प्रवासात नाही. टर्बो इंजिनात तर पाइपातली हवा टर्बोमध्ये दाबली जाऊन पुन्हा तापते आणि इंटरकूलरमध्ये थंड होते. तिथे पैसे घालायचेच असतील तर ते इंटरकूलरवर घालण्यात जास्त शहाणपण आहे.

आता धुळीचा हिशेब. एक किलो पेट्रोल नीट जळायला १४.७ किलो हवा लागते. म्हणजे एक लिटर पेट्रोलमागे इंजिन जवळजवळ दहा हजार लिटर हवा आत घेते. दिवसाला दहा लिटर पेट्रोल जाळणारी ईको दिवसात एक लाख लिटर हवा ओढते, आणि डिझेलचे इंजिन त्याहून जास्त. ही हवा कुठली असते? ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची मळणी सुरू झाली की रस्त्याकडेच्या प्रत्येक शेतातून भुशाचा लोट उठतो. अकोला-नांदेड महामार्गाचे रुंदीकरण चालू होते, तेव्हा खडी आणि मातीचे ढग दिवसभर खाली बसत नव्हते. आजही गावात शिरणारा कच्चा रस्ता उन्हाळ्यात पिठासारखी धूळ उडवतो. या धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात आणि ते लोखंडापेक्षा कठीण असतात. ते पिस्टन आणि सिलिंडरच्या मधल्या तेलाच्या पातळ थरात शिरले की रिंगा आणि बोअर दोन्ही घासतात. मग गाडी ऑइल खाऊ लागते, निळा धूर सोडते, चढाला दम टाकते आणि शेवटी इंजिनाचे काम काढावे लागते. हे एका दिवसात दिसत नाही, म्हणूनच ते जास्त घातक आहे. किट बसवलेल्या आठवड्यात आवाज भारदस्त होतो आणि गाडी हलकी वाटते. नुकसानीचा हिशेब दोन हंगामांनी गॅरेजमध्ये कळतो, आणि तोवर त्याचा संबंध कोणी त्या किटशी जोडतही नाही.

हवेच्या फिल्टरची परीक्षा आयएसओ ५०११ या मानकानुसार होते, आणि तीत वापरायची धूळ ठरलेल्या कणांची असते. मुळात ती अमेरिकेतील ॲरिझोनाच्या वाळवंटातून घेतलेली. कारखान्याचा कागदी फिल्टर अशा परीक्षेतून गेलेला असतो. विशेष म्हणजे त्यावर थोडी धूळ बसली की तो आणखी बारीक कण अडवू लागतो. सुती कापडाचे, तेल लावलेले उघडे फिल्टर हवेला वाट जास्त देतात, पण मोठ्या छिद्रांची किंमत बारीक धुळीच्या रूपात मोजावी लागते. त्यातले चांगले फिल्टरही मालकाने ते वेळेवर धुऊन बेताचे तेल लावले तरच काम करतात. तेल कमी पडले तर धूळ आत जाते, जास्त झाले तर ते हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या नाजूक तारेवर बसू शकते. आपल्याकडे ट्रॅक्टरच्या ऑइल-बाथ क्लीनरमधले तेलसुद्धा हंगाम संपेपर्यंत कोणी बदलत नाही. ही शिस्त छोट्या प्रवासी गाडीत पाळली जाईल, अशी अपेक्षा धरणे अवघड आहे.

पावसाळ्याचा मुद्दा थोडक्यात. ‘थंड हवा’ मिळवण्यासाठी अनेक किटे फिल्टर खाली, चाकाच्या कमानीत नेऊन ठेवतात. पैनगंगा आणि कयाधूच्या खोऱ्यातल्या फरशी पुलांवरून पाणी वाहत असताना अशा गाडीने एक घोट पाणी ओढले तरी पुरे आहे. पाणी दाबले जात नाही. पिस्टन थांबतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ट्रकच्या केबिनमागे हवेचे तोंड उंच काढलेले असते आणि ट्रॅक्टरचा प्री-क्लीनर बॉनेटच्या वर डोके काढून उभा असतो, त्यामागे हेच शहाणपण आहे. उंचावर धूळही कमी आणि पाणीही नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की कंपन्या खर्च वाचवतात, त्यांचा डबा आणि कागदी फिल्टर इंजिनाचा श्वास कोंडतात. मूळ इंजिनापुरते बोलायचे तर हे पुराव्याला धरून नाही. अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये मुद्दाम तुंबवलेले फिल्टर लावून गाड्या तपासल्या. फ्युएल इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत मायलेजमध्ये लक्षणीय फरक पडला नाही. वेग पकडण्याची क्षमता मात्र कमी झाली. याचे दोन अर्थ निघतात. फिल्टर मोकळा केला की मायलेज वाढते, ही जाहिरात आजच्या गाड्यांना लागू पडत नाही. आणि हरवलेली ओढ परत मिळवायला बहुतेक वेळा काही हजारांच्या किटची गरज नसून तुंबलेला फिल्टर काढून नवा टाकण्याची असते. इंजिनाचा कॅमशाफ्ट, टर्बो, ट्यूनिंग सगळेच बदलले असेल, तर मोठा हवामार्ग लागतो, हे मान्य. पण मग तो एका मोठ्या कामाचा भाग असतो, रविवारी दुपारी उरकायचे काम नव्हे.

दुसरा आक्षेप हौसेचा आहे, आणि तो मला जास्त वजनदार वाटतो. आपल्या गाडीत हात घालून ती समजून घेणारा तरुण हा उद्याचा उत्तम मेकॅनिक असतो. कोल्हापूरच्या मोहिते रेसिंग अकादमीसारख्या ठिकाणी मराठी मुले शर्यतीचे तंत्र शिकतात, हे अभिमानाचे आहे. शर्यतीच्या गाडीला उघडा फिल्टर चालतो, कारण तिचे इंजिन वरचेवर खोलून तपासले जाते आणि ती मळणीच्या धुळीतून रोज शंभर किलोमीटर जात नाही. रस्त्यावरच्या मिड-इंजिन गाडीत ज्याला स्वतःचा इनटेक घडवायचाच आहे, त्याने तो नीट घडवावा. फिल्टर बंद डब्यात असावा, डब्याचे तोंड बाजूच्या झरोक्याला रबराने घट्ट जोडलेले असावे, तळाला पाणी निघून जायला छिद्र असावे, आणि पाइप चकचकीत ॲल्युमिनियमऐवजी प्लॅस्टिकचा असावा, कारण धातू इंजिनाची उष्णता लगेच शोषतो. आणि मोजमाप आधी करावे. गाडीच्या संगणकाला ओबीडी स्कॅनर लावला की आत जाणाऱ्या हवेचे तापमान पडद्यावर दिसते. बाहेरच्या तापमानाशी ते ताडून पाहिल्याशिवाय पाइप कापू नये. काम झाल्यावर पंधरा दिवसांनी फिल्टर आणि इंजिन यांच्या मधला पाइप काढून आतून पांढरे फडके फिरवावे. त्यावर मातीचा रंग उतरला, तर तो इनटेक कितीही देखणा असला तरी नापास आहे.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदलांना मनाई सांगितली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरबदलासाठी प्रत्येकी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. फिल्टर बदलणे या व्याख्येत बसत नाही, असा युक्तिवाद करता येईल. पण हवेसाठी बॉडी कापून झरोका काढला तर तो युक्तिवाद टिकणे कठीण. बीएस-६ गाडीत हवेचा मार्ग हा प्रदूषणाच्या मंजुरीशीही जोडलेला असतो.

खरे काम इनटेक बदलण्याहून साधे आहे आणि ते गॅरेजपासून सुरू होते. आज पंक्चरच्या दुकानात कॉम्प्रेसरचा पाइप लावून फिल्टरवर ‘हवा मारून घेणे’ किंवा तो टायरवर आपटणे यालाच साफसफाई समजतात. जोराच्या हवेने कागदाला बारीक छिद्रे पडतात, आणि त्यानंतर तो फिल्टर केवळ नावापुरता उरतो. गाडीच्या पुस्तिकेत धुळीच्या भागासाठी फिल्टर लवकर बदलायला सांगितलेले असते, पण ती ओळ इंग्रजी पुस्तिकेत, गाडीच्या खणात पडून राहते. कंपन्यांनी ती मराठीत ठळक स्टिकरवर छापून फिल्टरच्या झाकणावरच चिकटवावी. मराठवाड्यातल्या आयटीआयच्या मोटार मेकॅनिक वर्गात फिल्टर आणि इंजिन यांच्या मधला पाइप तपासण्याचा सराव प्रत्येक विद्यार्थ्याकडून करून घ्यावा. आणि मळणी संपल्यावर, दिवाळीला गाडी धुऊन पूजेला लावण्याआधी, मालकाने किलोमीटर न मोजता फिल्टर बदलून टाकावा. कागदी फिल्टर काही शे रुपयांत येतो. रिंगा आणि बोअरच्या कामाला कित्येक हजार जातात, आणि त्या काळात उभ्या गाडीची रोजची कमाईही बुडते.