स्मॉलमाउथ बासची सहल : आधी हंगाम बघा, मग बेत आखा

मुलगा डेट्रॉइटला, मुलगी टोरंटोला आणि आईबाबा उन्हाळ्याचे तीन महिने त्यांच्याकडे, हे चित्र आता आपल्याकडच्या अनेक घरांत दिसतं. नायगारा एकदा बघून होतो, मॉल्स फिरून होतात आणि मग एखाद्या शुक्रवारी जावईबापू विचारतात, ‘‘बाबा, उद्या मासे पकडायला येणार का?’’ कोकणातल्या खाडीवर लहानपणी गरवायला बसलेल्या बाबांचे डोळे लगेच चमकतात. नातवंडंही उड्या मारतात. अशा सहलीत ज्या माशाचं नाव सर्वांत आधी निघतं, तो म्हणजे स्मॉलमाउथ बास.

उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या सरोवरांचा आणि स्वच्छ, खडकाळ नद्यांचा हा मासा. रंग तांबूस तपकिरी, अंगावर उभे गडद पट्टे आणि डोळ्यांत बऱ्याचदा लालसर छटा. वजन साधारण अर्धा ते दोन किलो, पण गळाला लागला की पाण्याबाहेर अशा उड्या घेतो की काठी धरणाऱ्याची दमछाक होते. त्याचा भाऊ लार्जमाउथ बास. लार्जमाउथचा जबडा डोळ्याच्या मागेपर्यंत जातो, तर स्मॉलमाउथचा डोळ्याच्या खालीच संपतो. ही खूण मुलांना आधीच शिकवा, ओळखण्याची शर्यत लावता येते.

पाण्याचं तापमान हेच पंचांग

या माशाचा दिनक्रम पाण्याच्या तापमानावर चालतो. पाणी ४-५ अंश सेल्सिअसला आलं की तो खोल पाण्यात सुस्त पडून राहतो. १० अंशांच्या आसपास उथळ पाण्याकडे सरकू लागतो. १५ ते १८ अंशांवर वीण होते. त्यानंतर उन्हाळाभर तो खातो, वाढतो आणि पाणी पुन्हा थंड होऊ लागलं की हिवाळ्याच्या तयारीसाठी भरपूर खातो. म्हणून सुट्टी कधी आहे हे बघण्याबरोबरच त्या वेळी पाणी किती तापलेलं असेल हेही विचारा.

एप्रिल ते मेचा मध्य : जाणत्यांचा काळ

विणीआधी मासा भुकेला असतो आणि किनाऱ्याजवळ येतो. मिशिगनचं लेक सेंट क्लेअर, लेक ईरी आणि विस्कॉन्सिनचा स्टर्जन बे या जागा यासाठी प्रसिद्ध आहेत. पण पाणी अजून बर्फासारखं गार असतं. होडीतून कुणी पडलं तर पोहता येत असूनही हातपाय आखडतात. लहान मुलं आणि ज्येष्ठांना घेऊन होडीत जाण्यासाठी हा काळ टाळलेलाच बरा.

मेअखेर ते जूनचा मध्य : घरट्यावरचा बाप

या दिवसांत नर मासा शेपटीने वाळू-खडी साफ करून घरटं करतो. मादी अंडी घालून निघून जाते. अंडी आणि त्यातून निघालेली पिल्लं यांची राखण बापच करतो, तीही कित्येक दिवस. जवळ येणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर तो धावून जातो, म्हणून त्याला पकडणं अगदी सोपं असतं. आणि खरी अडचण तिथेच आहे. १९९०मध्ये सेंट क्लेअर नदीत प्रथम आढळलेला राउंड गोबी नावाचा परदेशी मासा आता या सरोवरांत सगळीकडे आहे. बाप गळाला लागून घरट्यापासून दूर गेला की काही मिनिटांतच गोबी अंड्यांवर ताव मारतात. मासा नंतर सोडला तरी तोवर नुकसान झालेलं असतं.

म्हणूनच या काळात नियम कडक असतात. न्यू यॉर्कमध्ये १ डिसेंबर ते १४ जून फक्त कृत्रिम आमिषाने पकडून लगेच सोडायची मुभा आहे. मिशिगनमध्ये पकडून सोडणं वर्षभर चालतं, पण लेक सेंट क्लेअरवर मासा घरी नेण्याचा हंगाम जूनच्या तिसऱ्या शनिवारी सुरू होतो. उथळ पाण्यात गोल, स्वच्छ घरट्यावर मासा दिसला तर मुलांना तो दाखवा आणि गळ दुसरीकडे टाका.

जूनअखेर ते ऑगस्ट : कुटुंबाचा हंगाम

आजी-आजोबा आणि मुलांसह जायचं तर हाच काळ. पाणी उबदार, दिवस मोठे आणि हंगाम खुला. भर दुपारी मासा खोल जातो, म्हणून पहाटे किंवा संध्याकाळी जा. होडी नको असेल तर नदी निवडा. मिशिगनची ह्युरॉन नदी किंवा ओंटारिओची ग्रँड नदी यांच्या काठावरून मजेत गळ टाकता येतो. आमिष म्हणून साधं गांडूळही चालतं. या माशाचं आवडतं खाणं मात्र क्रेफिश, म्हणून तपकिरी रंगाचं रबरी आमिष तळाशी हळूहळू ओढलं तर हमखास दाद मिळते.

सप्टेंबर-ऑक्टोबर : मोठे मासे, मोठ्या लाटा

सर्वांत वजनदार मासे याच दिवसांत मिळतात. पण लेक ईरीवर वारा सुटला की लाटा पाहता पाहता उंच होतात. तेव्हा अनुभवी गाइडबरोबरच जा. दहा मीटरहून खोल पाण्यातून मासा वर ओढला की दाब बदलून त्याचा वाताशय फुगतो आणि सोडल्यावरही तो जगेलच असं नाही. सोडायचाच असेल तर एवढ्या खोलात गळ टाकू नका.

निघण्यापूर्वी

* परवाना काढा. मिशिगनमध्ये १७ वर्षांपासून, न्यू यॉर्कमध्ये १६ वर्षांपासून तो लागतो. भारतातून आलेल्या पाहुण्यांनाही सूट नाही.
* मिशिगनमध्ये जूनमधल्या एका ठरावीक शनिवार-रविवारी परवान्याशिवाय मासेमारी करता येते. बाकीचे नियम मात्र लागू राहतात.
* लेक सेंट क्लेअरच्या मधूनच अमेरिका-कॅनडाची सीमा जाते. तुमच्याकडे फक्त अमेरिकेचा व्हिसा असेल तर होडी त्याच बाजूला ठेवा.
* लाइफ जॅकेट सर्वांनी घाला, आजोबांनीसुद्धा.
* मासा धरण्यापूर्वी हात ओले करा, फोटो पटकन काढा आणि लगेच पाण्यात सोडा.

ताटात काय?

थंड पाण्यात हा मासा सावकाश वाढतो, त्यामुळे मोठा मासा मोठ्या वयाचा असतो आणि त्यात पारा साठलेला असू शकतो. गर्भवती आणि लहान मुलांनी विशेष जपायला हवं. मिशिगनचं आरोग्य खातं कोणत्या पाण्यातला कोणता मासा किती खावा याची माहिती देतं, ती आधी पाहा. रवा लावून तळायचाच बेत असेल तर त्याच सरोवरातले यलो पर्च आणा. चवीला ते सरस असतात आणि गळाला लावणं मुलांनाही जमतं.

तेव्हा मुलांकडे जायचं तिकीट काढताना जुलै हाती राहील असं बघा. त्या वेळी हंगाम खुला असतो, पिल्लं मोठी झालेली असतात आणि नातवंडाचा पहिला मासा कुणाचंही घरटं न मोडता हाती येतो.