गाठ शेल्याची आणि गाठ सातबाऱ्याची



तुळशीचे लग्न लागले की गावोगाव मांडव पडू लागतात. कापसाच्या पहिल्या वेचण्या घरात आलेल्या असतात आणि त्यांच्याच भरवशावर तारखा धरल्या जातात. सराई सुरू होण्याआधी एका गोष्टीचा विचार जिल्हा बैठकीत व्हावा, म्हणून हे टिपण.

लग्नातले विधी म्हणजे दोघांनी एक व्हावे याच्या खुणा. या खुणांत आपलेच शिवार भरलेले आहे. आपल्या भागात कितीतरी ठिकाणी अक्षता ज्वारीच्या असतात. दोघांच्या मध्ये धरलेला अंतरपाट कापसाचा. त्यांच्याभोवती गुंडाळतात ते सूतही कापसाचे. मग शेल्याची आणि पदराची गाठ पडते, सात पावले चालली जातात आणि पाहुणे जेवायला उठतात.

या खुणा वाईट आहेत असे आमचे म्हणणे नाही. प्रश्न एवढाच आहे, की शेल्याची गाठ सुटल्यावर एकीची कोणती खूण मागे राहते? सरी पाडण्यापासून पऱ्हाटी उपटण्यापर्यंत बाई बरोबरीने राबते. कापसाची वेचणी तर बहुतेक तिच्याच हाताची. ज्वारीची कणसे तीच खुडते. पण सातबारा काढून पाहा. त्यावर सासऱ्याचे नाव असते, नवऱ्याचे असते, दिराचे असते. सात पावले बरोबर चाललेली बाई मात्र त्या कागदावर कुठेच नसते.

हा विचार आजचा नाही. जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज काढला. त्याच वर्षी २५ डिसेंबरला समाजाच्या पद्धतीने पहिले लग्न लागले. त्यात भटजी नव्हता, थाट नव्हता. पुढे १८८७ साली त्यांनी मंगलाष्टकांसह पूजाविधीचे पुस्तक छापले. त्यातल्या मंगलाष्टकांत वधू नुसती मान खाली घालून उभी राहत नाही. ती स्त्रियांच्या हक्काविषयी वराला विचारते आणि वर सर्वांदेखत वचन देतो. जुन्नर तालुक्यातल्या ओतूरला १८८४ साली पाटलांच्या घरी असेच लग्न लागले, तेव्हा दक्षिणा बुडाली म्हणून प्रकरण कोर्टात गेले. अखेर उच्च न्यायालयात यजमानांची बाजू टिकली. शेतकऱ्याच्या घरचा विधी शेतकऱ्याने ठरवावा, हा हक्क असा झगडून मिळालेला आहे. १९५५ चा हिंदू विवाह कायदाही दोहोंपैकी एका पक्षाच्या रूढीप्रमाणे लागलेले लग्न मान्य करतो.

वचनाच्या पुढची पायरी कागदाची. ती शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात दाखवली. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेर गावात घरोघरच्या कारभाऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावावर जमीन केली. १९९२ साली शासनाने परिपत्रक काढले. त्यानुसार नवऱ्याने स्वतः अर्ज दिला, तर सातबाऱ्यावर बायकोचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येते. त्यासाठी खरेदीखत लागत नाही. नवऱ्याचे नावही कमी होत नाही. तरी ही वाट चाललेली घरे अजून थोडीच आहेत.

काही जण म्हणतील, "उद्या ती जमीन घेऊन माहेरी गेली तर?" जमीन पेटीत घालून नेता येत नाही. जी लेकरे टाकून जात नाही, ती काळी आई टाकून कशी जाईल? उलट दोघांची नावे असली की थाटाच्या लग्नासाठी रान परस्पर विकता किंवा गहाण टाकता येत नाही. दुसरी सही लागते, आणि ती सही करणारीला घरातल्या डब्यात किती दाणे आहेत हे ठाऊक असते.

ज्या घरात कर्ता पुरुष अचानक गेला, तिथे जाऊन विचारा. पीककर्ज, विमा, हमीभावाने कापूस घालायची नोंदणी, जिथे जावे तिथे आधी सातबारा मागतात. दिवसकार्य उरकत नाही तोच त्या बाईला वारस नोंदीसाठी हेलपाटे सुरू होतात. नाव आधी लागलेले असते, तर ती दारात तरी उभी राहिली नसती, आत बसली असती.

म्हणून या सराईत एक करू या. वाजंत्री, आहेर आणि जेवणावळ आवरती घेऊ. ज्याच्या नावावर जमीन आहे त्या नवरदेवाने अक्षता पडल्यावर अर्जावर सही करावी, आणि लग्नाची नोंद झाली की तो तलाठ्याकडे द्यावा. ज्यांची जमीन अजून बापाच्या नावावर आहे, त्या घरात सासऱ्याने आधी सासूचे नाव लावावे. सुनेला यापेक्षा मोठा आहेर कोणता? आणि ज्यांची लग्ने वीस-तीस वर्षांपूर्वी झाली, त्यांनी मुहूर्ताची वाट पाहू नये.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने किती भाषणे झाली हे सांगू नये. किती सातबारे आणले ते सांगावे.