ईदचे जोडे आणि नंबरांचा घोळ

प्रताप नगरात बसून मोबाईलवर जोडे मागवायचे, तर नंबर कोणत्या देशाचा ते आधी पाहा. आपल्या दुकानांतला पुरुषांचा ८ नंबर ब्रिटिश मापाचा. अमेरिकन मापात तो साधारण ९, युरोपियनमध्ये ४२च्या आसपास. ब्रिटिश नंबर इंचाच्या तिसऱ्या हिश्शाने वाढतो, युरोपियन सेंटिमीटरच्या दोन-तृतीयांशाने. हिशेब चोख जुळणार कसा? त्यापेक्षा संध्याकाळी कागदावर उभे राहून टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंत दोन्ही पाय मोजा. मोठा पाय धरा आणि सेंटिमीटरचा तक्ता बघा. रुंदीचे मात्र कोणी विचारतच नाही! चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने लाखावर भारतीयांचे पाय मोजून ‘भा’ हे माप सुचवले, ते आपले पाय रुंद म्हणूनच. चांदरातीला आलेला जोडा चावला तर बदलणार कधी? पंधरा दिवस आधी मागवा.