छातीवरचा पट्टा की मनगटावरचे घड्याळ?

मालवणजवळच्या एका गावातले छप्पन वर्षांचे गृहस्थ. रोज सकाळी जिममध्ये जाणारे, रोइंग मशीनवर वीस मिनिटे वल्हवणारे, पाऊस नसेल तेव्हा रस्त्यावर धावणारे. एका रात्री त्यांच्या छातीत जडपणा आला, दरदरून घाम फुटला. त्यांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिले. ठोके ७८. ते उशी उंच करून पडून राहिले. आमच्याकडे आले ते पहाटे, चार तासांनी. ईसीजीत हृदयाच्या पुढच्या भिंतीचा झटका स्पष्ट दिसत होता. ‘‘घड्याळ अठ्ठ्याहत्तर दाखयत होता, म्हणान माका वाटला पित्त असतला,’’ ते म्हणाले.

ते वाचले. घरी जाण्याच्या दिवशी त्यांनी विचारले, ‘‘डॉक्टर, मग आता कुठले चांगले यंत्र घेऊ?’’ आधी मला थोडे हसू आले. मग लक्षात आले, की प्रश्न रास्त आहे. आज तो प्रश्न अनेकांचा आहे आणि त्याचे नीट उत्तर त्यांना दुकानदार देत नाही, जाहिरातही देत नाही.

हा प्रश्न आताच इतक्या लोकांना का पडतो, याला कारण आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार वयाच्या ४६ व्या वर्षी हृदयविकाराने गेले. ऑगस्ट २०२२ मध्ये विनोदी कलाकार राजू श्रीवास्तव ट्रेडमिलवर कोसळले आणि पुढच्या महिन्यात त्यांचे निधन झाले. अशा बातम्यांनी व्यायाम करणाऱ्यांच्या मनात धास्ती बसली. कोविडच्या लशीवर संशय घेतला गेला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) देशातल्या ४७ रुग्णालयांच्या मदतीने १८ ते ४५ वयोगटातल्या अचानक मृत्यूंचा अभ्यास केला आणि २०२३ मध्ये तो प्रसिद्ध केला. ७२९ मृत व्यक्ती आणि तुलनेसाठी २,९१६ जिवंत व्यक्ती. लशीमुळे धोका वाढल्याचे त्यात आढळले नाही. ज्यांच्याशी संबंध आढळला त्या गोष्टी अशा : कोविडसाठी पूर्वी रुग्णालयात दाखल व्हावे लागणे, कुटुंबात कुणाचा अचानक मृत्यू झालेला असणे, मृत्यूपूर्वीच्या ४८ तासांत अतिमद्यपान, नशेच्या पदार्थांचा वापर आणि त्याच ४८ तासांतला जोरकस शारीरिक श्रम.

हा शेवटचा मुद्दा वाचून व्यायाम सोडायचा नाही. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली आलेल्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेसे हलतही नव्हते, बायकांत हे प्रमाण ५७ टक्के होते. बसून राहिल्याने होणारे नुकसान कितीतरी मोठे आहे. धोका आहे तो सवय नसताना, आजार ठाऊक नसताना एकदम जोर लावण्यात. म्हणून आपण किती जोर लावतो आहोत हे कळणे उपयोगाचे. ठोके मोजणाऱ्या यंत्राचे खरे काम तेवढेच.

दोन यंत्रे, दोन वेगळ्या गोष्टी

छातीवरचा पट्टा आणि मनगटावरचे घड्याळ एकच आकडा दाखवतात, पण ते मोजतात वेगवेगळ्या गोष्टी. पट्टा हृदयातून निघणारी वीज टिपतो. प्रत्येक ठोक्याबरोबर हृदयात विजेची लाट उठते आणि ती त्वचेपर्यंत पोचते. हॉलंडच्या विलेम आइंटहोवेन यांनी ती कागदावर नीट उमटवली, त्याबद्दल त्यांना १९२४ चे नोबेल मिळाले. खेळाडूला ती धावता धावता दिसावी म्हणून फिनलंडच्या पोलार कंपनीने १९८२ मध्ये बिनतारी यंत्र बाजारात आणले. आजचा पट्टा त्याच घराण्यातला.

घड्याळाच्या पाठीमागे हिरवे दिवे लुकलुकतात. रक्त हिरवा प्रकाश शोषते. ठोका पडला की मनगटातल्या बारीक वाहिन्यांत रक्त वाढते आणि परत येणारा प्रकाश कमी होतो. त्या चढउतारावरून घड्याळ ठोके मोजते. म्हणजे पट्टा विहिरीवरचा पंप मोजतो आणि घड्याळ पाटाच्या टोकाला पोचलेले पाणी. पाटात कुणी पाय घातला, की मोजणी चुकली.

बसलेल्या माणसात दोन्ही आकडे सहसा जुळतात. हालचाल सुरू झाली, की फरक पडतो. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकने ५० निरोगी माणसांना ट्रेडमिलवर चालवून-पळवून मनगटावरची चार यंत्रे आणि छातीचा पट्टा यांची ईसीजीशी तुलना केली. २०१७ मध्ये निघालेल्या त्या निष्कर्षात पट्टा ईसीजीशी जवळजवळ तंतोतंत जुळला. मनगटावरची यंत्रे मागे पडली. २०२० च्या आणखी एका अभ्यासात घड्याळांची चूक विश्रांतीपेक्षा हालचालीत सरासरी ३० टक्क्यांनी जास्त निघाली. त्यानंतर घड्याळे सुधारली आहेत, पण मनगट हलते ही अडचण राहतेच.

धावताना आणि वल्हवताना

धावणाऱ्याची पावले मिनिटाला साधारण १६० ते १८० पडतात. हात त्याच तालात हलतात. घड्याळाला एक ठरावीक ताल शोधायचा असतो आणि कधी कधी ते हृदयाऐवजी पावलांचा ताल पकडते. सुरुवातीच्या दोन मिनिटांतच घड्याळ १७० दाखवत असेल आणि तुम्ही आरामात गप्पा मारत असाल, तर ती बहुधा तुमची पावले आहेत. पट्टा थोडा घट्ट करून घड्याळ मनगटाच्या हाडाच्या दोन बोटे वर चढवले, तर ही चूक कमी होते. पावसात भिजून हात गार पडले, तर त्वचेतला रक्तपुरवठा आटतो आणि वाचन आणखी बिघडते.

रोइंग मशीनवर घड्याळाची खरी परीक्षा असते. मुठीत दांडा घट्ट धरलेला, दर ओढीला मनगट वाकते, कोपराखालचे स्नायू आवळतात-सुटतात. होडीवर बसून वल्हे मारणाऱ्याला हे सांगायला नको. शिवाय तीस सेकंद जोर आणि तीस सेकंद दम अशा तऱ्हेने व्यायाम केला, तर मनगटावरचा आकडा खऱ्या ठोक्यांच्या मागे रेंगाळतो. जोर संपून तुम्ही दम घेत असता तेव्हा घड्याळ चढत असते.

रोइंग आपल्याकडे परके राहिलेले नाही. नाशिक जिल्ह्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ सैन्यात गेल्यावर हा खेळ शिकले, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरीत तेरावे आले आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघाने सुवर्ण मिळवले त्यात ते होते. त्यांच्यासारखे खेळाडू प्रशिक्षक, वैद्यकीय तपासणी आणि वर्षांच्या सरावानिशी यंत्रावर बसतात. पन्नाशीतला माणूस जिममध्ये तेच यंत्र ओढतो तेव्हा त्याच्या मागे यातले काहीच नसते. रोइंगमध्ये पाय, पाठ आणि हात एकदम कामाला लागतात, त्यामुळे ठोके चटकन वर जातात.

मग घ्यायचे काय?

फक्त चालत असाल, हळू धावत असाल आणि घड्याळ आधीच हातात असेल, तर नवे काही घेऊ नका. रोइंग करत असाल किंवा जोर-विश्रांतीचा व्यायाम करत असाल, तर छातीचा पट्टा घ्या. पट्टा छातीला काचतो, अस्वस्थ वाटते, असे म्हणणाऱ्यांनी दंडावर किंवा कोपराखाली बांधायचा प्रकाशाचा पट्टा पाहावा. तो मनगटापेक्षा स्थिर जागी बसतो, म्हणून सहसा बरा चालतो.

विकत घेण्याआधी तीन गोष्टी विचारा. एक, तो तुमच्या जिममधल्या मशीनशी जोडला जातो का? ब्लूटूथ आणि अँट-प्लस या दोन्ही पद्धती चालणारा पट्टा घेतला, तर सहसा अडत नाही. दोन, बॅटरी आपल्याला बदलता येते का? तीन, कापडी भाग सुटा करून धुता येतो का? आपल्या किनाऱ्यावर हा तिसरा प्रश्न महत्त्वाचा. घामाचे मीठ आणि खारी हवा पट्ट्याचे आयुष्य खाते. व्यायामानंतर गोड्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा. बांधण्याआधी आतली काळी पट्टी पाण्याने ओली करा. कोरड्या त्वचेवर सुरुवातीचे आकडे वेडेवाकडे येतात. पेसमेकर बसवला असेल, तर आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारा.

कॅलरीच्या आकड्यावर एक रुपयाही जास्त खर्चू नका. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ मध्ये ६० जणांवर सात यंत्रे तपासली. ठोक्यांत सहा यंत्रांची चूक पाच टक्क्यांच्या आत होती; कॅलरीत सर्वांत चांगले यंत्रही २७ टक्क्यांनी चुकले आणि सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी. ‘घड्याळाने चारशे जाळल्या सांगितल्या’ म्हणून दोन भजी जास्त खाणारे माझे रुग्ण आहेत.

आकडा कुणाचा?

२२० मधून वय वजा करा, हे सूत्र सर्वांना पाठ असते. पन्नाशीच्या माणसाला ते १७० देते. पण ही सरासरी आहे. त्याच वयाच्या दोन निरोगी माणसांत कमाल ठोक्यांचा वीस-तीसचा फरक सहज असतो. रक्तदाब किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल, बिसोप्रोलॉल अशा बीटा-ब्लॉकर गोळ्या चालू असतील, तर ते सूत्र बादच. या गोळ्या ठोके मुद्दाम रोखून धरतात. घड्याळातला ‘टार्गेट झोन’ गाठण्यासाठी असा रुग्ण मशीन ओढत राहिला, तर हृदयावर भलताच ताण पडतो आणि आकडा हलत नाही.

दमट हवाही आकडा बदलते. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे घाम येतो पण वाळत नाही, अंग थंड होत नाही, शरीरातले पाणी कमी होते. मग त्याच वेगाला तेच हृदय मिनिटाला दहा-पंधरा ठोके जास्त टाकते. त्या दिवशी वेग कमी करायचा, आकड्याशी भांडायचे नाही.

यापेक्षा साधे मोजमाप फुकट आहे. व्यायाम करताना पूर्ण वाक्य बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, तर तो मध्यम व्यायाम. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, तर तो जोरकस. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम जागतिक आरोग्य संघटनेने सांगितला आहे. चाळिशीनंतर, मधुमेह, रक्तदाब किंवा धूम्रपान असेल, अथवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेले असेल, तर यंत्राच्या पैशांतून आधी तपासणी करा.

घड्याळाला न दिसणारे

घड्याळ ठोके मोजते, रक्तवाहिनीतली गुठळी त्याला दिसत नाही. झटका आलेल्या अनेकांचे ठोके साठ ते नव्वदच्या दरम्यानच असतात. ईसीजी काढणारी महागडी घड्याळेही हृदयाकडे एकाच कोनातून पाहतात. आम्ही बारा कोनांतून पाहतो. त्यांचा उपयोग मुख्यतः अनियमित ठोके पकडण्यासाठी. अमेरिकेत चार लाखांहून अधिक लोकांवर झालेल्या अ‍ॅपलच्या अभ्यासात (२०१९) साधारण २०० पैकी एकाला ‘ठोके अनियमित’ अशी सूचना मिळाली. सूचना मिळून पुढे चिकटपट्टीच्या ईसीजीने तपासलेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश जणांत तो विकार त्या वेळी सापडला. अशी सूचना आली तर घाबरू नका, पण ईसीजी काढून घ्या. उलट, सूचना आली नाही म्हणून निश्चिंत होऊ नका.

आपल्या जिल्ह्यात वेळेचे गणित कठीण आहे. अँजिओप्लास्टीसाठी अनेकांना बांबोळी किंवा कोल्हापूर गाठावे लागते. म्हणून जवळच्या रुग्णालयात ईसीजी निघणे आणि गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लवकर मिळणे याला फार किंमत आहे. पहिल्या तासात वाचणारे स्नायू चौथ्या तासात वाचत नाहीत. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, विनाकारण घाम, अचानक धाप, मधुमेहींमध्ये आणि बायकांमध्ये कधी नुसतीच मळमळ आणि गळून जाणे : यांतले काही दिसले, तर घड्याळाकडे पाहू नका. १०८ ला फोन करा.

त्या गृहस्थांना मी छातीचा पट्टा सुचवला, पण तीन महिन्यांनी, ताण-चाचणी झाल्यावर. त्यांची मर्यादा त्या चाचणीतून आणि त्यांच्या गोळ्या लक्षात घेऊन ठरली, सूत्रातून नाही. ती मिनिटाला १०८ ठोके निघाली. आकडा ऐकून त्यांना हसू आले. म्हणाले, ‘‘लक्षात ऱ्हवात.’’ आता ते मशीनवर दहा मिनिटे बसतात, शेजारच्याशी बोलत बोलत. मनगटावर साधे काट्यांचे घड्याळ असते, वेळ पाहायला.