गृहव्यवस्था : ओझरच्या मुक्कामीं गॅस
महाराष्ट्र सरकारनें २०२१ सालीं कॅरव्हॅन-पर्यटनाचें धोरण आंखलें. विघ्नेश्वराच्या ओझरास, कुकडीकांठीं, अशा गाडींतच पंधरवडाभर बिऱ्हाड मांडूं इच्छिणाऱ्या भगिनींस आम्ही थोडें सुचवितों. नैवेद्याचे मोदक उकडावयास ठेवावे आणि शेगडी विझावी, अशी फजिती नको. सिलिंडर हलवून अदमास करूं नये, तोलावा. त्यावर लिहिलेलें रिकाम्याचें वजन वजा केलें कीं उरलेला गॅस कळतो; दोन दिवसांनीं पुन्हां तोलल्यास रोजचा खर्चहि समजतो. ५ किलोंचे दोन सिलिंडर न्यावे. एक संपतांच भरून आणावा. हा वायु हवेहून जड असल्यानें गळल्यास खालीं, निजल्या मुलांच्या उशाशींच सांचतो. यास्तव तळाशीं झरोका मोकळा असावा, रात्रीं सिलिंडर बंद करावा. वास आल्यास विजेचें बटण न दाबतां दारें उघडून सर्वांनीं बाहेर पडावें.