वळसा कोणासाठी?

शहराभोवती मोठा वळणरस्ता बांधला की वाहतूक बाहेरच्या बाहेर निघून जाते आणि शहर मोकळे होते, असे आपणांस मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले जाते. आम्हांस हे म्हणणे मान्य नाही. लंडनने हा प्रयोग आपल्याआधी करून पाहिला आहे.

१९६०च्या दशकात त्या शहरासाठी महामार्गांची एकात एक अशी चार कडी आखण्यात आली. आतील कड्यांपायी हजारो घरे पडणार होती. ‘रस्त्यांआधी घरे’ ही मागणी घेऊन नागरिक १९७०च्या स्थानिक निवडणुकीतही उतरले. १९७३ मध्ये सत्तापालट झाला आणि आतील कडी बारगळली. बाहेरील दोन कड्यांचे भाग सांधून मात्र एम-२५ हा १८८ किलोमीटरचा महामार्ग सिद्ध झाला. त्याचा पहिला टप्पा १९७५ मध्ये खुला झाला, तर शेवटचा २९ ऑक्टोबर १९८६ रोजी पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या हस्ते.

पुढे काय घडले? दिवसाला ८८ हजार वाहनांसाठी योजिलेल्या या रस्त्यावर १९९३ पर्यंत २ लाख वाहने धावू लागली. ती आकाशातून पडली नव्हती. रस्ता जवळ आहे म्हणूनच १९९० मध्ये लेकसाइड व १९९९ मध्ये ब्लूवॉटर ही प्रचंड व्यापारी संकुले त्याच्या काठी उभी राहिली. नवा रस्ता नवी वाहतूक जन्मास घालतो, हा निष्कर्ष १९९४ मध्ये ब्रिटिश सरकारच्याच सल्लागार समितीने काढला. तरीही रुंदीकरण चालूच राहिले. हीथ्रो विमानतळापाशी हा रस्ता आज १२ पदरी आहे. कोंडी संपलेली नाही.

आता मुंबईभोवती वसई तालुक्यातील नवघरपासून विरार-अलिबाग महामार्गाची आखणी झाली आहे. रस्त्याला आमचा सरसकट विरोध नाही. मालवाहू गाड्यांना वाट हवीच. परंतु ‘बहुउद्देशीय मार्गिका’ हे नाव ज्याच्या जोरावर मिळाले, ती सार्वजनिक वाहतुकीची मार्गिका रस्त्याबरोबरच धावणार की कागदावर राहणार? रस्त्यालगतच्या शेतांवर गोदामे व इमारती चढणार नाहीत, याची हमी कोण देणार? ज्यांची वाडी जाणार आहे, त्यांनी मोबदल्याचा आकडा विचारण्यापूर्वी या प्रश्नांची लेखी उत्तरे मागावीत. एकदा मोजणीचे दगड रोवले गेले की प्रश्न ऐकून घेणारा कोणी उरत नाही.